व्हीगन स्वयंपाकाची वही: नववा आठवडा

मंडळी, नऊ आठवड्यांत दोन पुस्तकांमधल्या एकवीस व्हीगन (म्हणजे दूध, अंडी, मांस काहीच नसलेल्या) पाककृती करून झाल्या. आठ आता घरात रुळल्यात, पाच परत करणार नाही, उरलेल्यांपुढे वहीत अजून प्रश्नचिन्ह आहे. खाणारे आम्ही चौघं: आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि अडीच वर्षांचा मुलगा.

प्रत्येक पदार्थापुढे मुलं काय म्हणाली ते मी लिहून ठेवतो. परवा सगळी पानं सलग वाचली. ‘चव आवडली नाही’ असं फक्त तीन ठिकाणी होतं. बाकी सगळीकडे ‘बुळबुळीत’, ‘रबरासारखं’, ‘घशाला चिकटतं’. इतके दिवस मी मीठमसाला कमीजास्त करत होतो, पण अडचण जिभेची नव्हतीच, चावण्याची होती. घरात लहान मुलं असतील तर पुस्तकातली चव तशीच राहू द्या आणि पदार्थ तोंडात कसा लागतो तेवढं बदलून बघा, असं मी आता ठामपणे सांगेन.

टोफूचंच, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचंच बघा. पहिल्यांदा पुस्तकात होतं तसे चौकोनी तुकडे परतले. धाकट्याने एकेक तुकडा तोंडातून काढून ताटलीच्या कडेला ओळीने मांडला. आता मी घट्ट टोफूची लादी पाणी काढून टाकून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतो. आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि तो वितळला की त्या जागी बारीक भोकं राहतात. गोठल्यावर लादी पिवळट दिसते. घाबरू नका, वितळली की रंग परत येतो. मग दोन तळव्यांत धरून दाबायची, स्पंजासारखं पाणी निघतं. सुरी लावायची नाही, हातानेच तोडायची. ओबडधोबड कडांना कॉर्नफ्लोअर छान धरतं. थोडा सोया सॉस, लसूण, तेल, आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर साधारण २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. बाहेरून कुरकुरीत, आतून चिवट आणि रसाळ. त्या दिवशी ताटलीच्या कडेला काहीही उरलं नाही, आणि मला मनापासून आनंद झाला.

सगळ्यात जास्त वेळ मात्र काबुली चण्याच्या पाण्याने घेतला. डबाबंद चण्यांचं हे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसतं, हे २०१४मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने दाखवून दिलं. ‘अक्वाफाबा’ हे नाव पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी दिलं. लेकीला ही गोष्ट सांगितली आणि तिने फेटायचं काम स्वतःकडे घेतलं. दोन मिनिटांनी साबणासारखे मोठे बुडबुडे, पाच मिनिटांनी पांढरा दाट फेस, आणि आठव्या मिनिटाला तिने भांडं माझ्या डोक्यावर उलटं धरलं. थेंबही पडला नाही! भांडं आणि फेटणी दोन्ही कोरडी हवीत, तेलाचा अंशही चालत नाही. घरी शिजवलेल्या चण्यांचं पाणी पातळ असेल तर ते आटवून, थंड करून घ्या. एका अंड्याऐवजी मी तीन टेबलस्पून घेतो. याचं चॉकलेट मूस आमच्याकडे तीनदा झालं. पॅनकेकला मात्र जवसच बरा: एक टेबलस्पून जवसाची पूड, तीन टेबलस्पून पाणी, दहा मिनिटं भिजवायचं.

एक चूक लिहून ठेवतो, तुमचा तरी वेळ वाचेल. माझं एक पुस्तक अमेरिकन आहे, दुसरं ऑस्ट्रेलियन. अमेरिकन टेबलस्पून साधारण १५ मिलीलीटरचा, ऑस्ट्रेलियन २० मिलीलीटरचा. बिस्किटांत सहा टेबलस्पून सोया दूध म्हणजे १२० मिलीलीटर हवं होतं, मी ९० घातलं. पीठ मळताना भुगा होत होता, तरी दामटून भाजलं. पाककृतीला नावं ठेवून पान दुमडलं, आणि दोन आठवड्यांनी प्रस्तावना वाचताना उलगडा झाला. पुस्तक कुठलं आहे ते आधी बघा, मगच चमचा हातात घ्या.

काजूचं क्रीम चांगलं झालं. चार तास भिजवून अगदी गुळगुळीत वाटलं की मुलं पास्त्यावर आनंदाने घेतात. कण राहिले की संपलं. पाच वर्षांखालच्या मुलांना काजू, बदाम, शेंगदाणे अख्खे देऊ नयेत, घशात अडकतात, म्हणून धाकट्याला सगळं वाटून किंवा त्यांचं बटर पातळ पसरून देतो. शिवाय लहान पोटं नुसत्या कडधान्यांनी आणि भाज्यांनी लवकर भरतात, ताकद मात्र कमी मिळते. त्याच्या वाटीत तेल किंवा तिळाचं बटर हात आखडता न घेता घालतो. बी१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून खात्रीने मिळत नाही; त्याचे थेंब डॉक्टरांना विचारून सुरू केलेत, आणि त्याबाबत पुस्तकांवर विसंबत नाही.

मसुराचे बर्गर अजून जमलेले नाहीत. दोन्ही वेळा आतून लगदा झाला, लेकीने नुसता पाव खाल्ला. पुढच्या वेळी मसूर थोडा कचवट ठेवून निथळणार आणि अर्धाच वाटणार, शिवाय भाजलेले ओट्स घालून मिश्रण तासभर फ्रिजमध्ये ठेवणार. कुणी हे केलं असेल तर किती ओट्स घातले ते नक्की सांगा. शनिवारी सकाळी करतोय.