हाताला कुठला आलाय प्रत्यय!

आमच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी बोलायला उभे राहिले की क्रियापदाची वाट बघत बसावं लागतं. "गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सर्व सभासदांच्या सहकार्यानं, पावसाळ्याआधी, कंत्राटदाराशी बोलून..." झालं, होणार, की बारगळलं? मराठीत निकाल शेवटी लागतो. मग मराठी माणूस मनातसुद्धा याच क्रमानं विचार करत असणार, असं कुणालाही वाटावं.

पुरावाही मिळतो. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात संध्याकाळी रिक्षांच्या गोंगाटात काका खाली उभे, काकू तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. काका आधी काकूंकडे बोट करतात, मग चिमटीत किल्ली धरल्यासारखं दाखवतात, मग टाकल्याची खूण. तू, किल्ली, टाक. हात अगदी शुद्ध मराठी बोलतात.

फक्त ते मराठी नसतं. मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि तुर्की बोलणाऱ्यांना साधे प्रसंग दाखवून ते तोंड बंद ठेवून हातांनी सांगायला लावले. या चारांत क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा एक तुर्कीच. तरी चारही गटांचे हात एकाच वाटेनं गेले: करणारा, वस्तू, मग क्रिया. पारदर्शक कागदांवरची चित्रं एकावर एक ठेवायला दिली, तेव्हाही क्रम तोच.

हा प्रयोग ठाण्यात करून काही कळलं नसतं. आमच्या मजल्यावर मराठी, गुजराती, सिंधी आणि तमिळ घरं आहेत. भांडणं चार भाषांत होतात, क्रियापद मात्र चारींत शेवटीच. त्यात बोलताना आपण कुठे शिस्तीचे? "आणलीस का कोथिंबीर?" "आली एकदाची लाइट!" जीभ क्रम मोडते, हात पाळतात.

हातांची पंचाईत होते ती दोन माणसं आली की. किल्ली काही काकूंना टाकणार नाही. पण मुलीनं मुलाला ढकललं, हे हातांनी सांगायचं तर? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत इंग्रजी बोलणारे अशा वेळी बऱ्याचदा क्रिया मध्ये ओढताना दिसले. ढकलणारी एकीकडे, पडणारा दुसरीकडे. बोलताना आपल्याला 'नं' आणि 'ला' सांभाळून घेतात. हातांना ती सोय नाही.

परवा खाली क्रिकेट खेळणारा एक मुलगा वर बघून आईला खुणा करत होता. स्वतःकडे बोट, मित्राकडे बोट, मग हवेत गुद्दा. आईनं खिडकी उघडली.

"अरे, तू त्याला की त्यानं तुला?"