लिफ्ट बंद पडत नव्हती, म्हणून काँट्रॅक्ट जाणार होतं

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या जरा अलीकडे, दोन विंगांची एक सोसायटी आहे. ए विंगच्या लिफ्टची देखभाल आमच्याकडे, बी विंगची एका मोठ्या कंपनीकडे. लिफ्ट सगळ्या एकाच मेकच्या, बिल्डरने एकाच वर्षी बसवलेल्या. फेब्रुवारीत सेक्रेटरींचा फोन आला, दोन्ही विंगांचं एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक काँट्रॅक्ट, यंदा एकालाच द्यायचं ठरतंय, रविवारी कमिटीसमोर या. सूर असा होता की निर्णय झालाय, आम्हाला फक्त रीतीपुरतं बोलावणं.

मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या फर्ममध्ये सर्व्हिसचं काम बघते. आमच्या मालकांचे या धंद्यात केस पांढरे झालेत. मशीनरूममध्ये शिरल्या शिरल्या नुसत्या आवाजावरून ब्रेकचा लायनर झिजलाय हे सांगतात. पण जाहिरात म्हटली की कपाळाला आठ्या. "काम बोलतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि मी कधी वाद घातलाच तर, "आपण काय जांभळी नाक्यावर भाजी विकतोय का, ओरडायला?"

मीटिंगमध्ये आधी मोठ्या कंपनीचा माणूस बोलला, आणि चांगला बोलला. लॅपटॉप टीव्हीला जोडून त्याने एकेक मुद्दा दाखवला. चोवीस तास सर्व्हिस. दर महिन्याला तपासणी. अस्सल सुटे भाग. वीज गेली तर लिफ्ट बॅटरीवर जवळच्या मजल्याला आणून दार उघडणारी एआरडी यंत्रणा, तिची नियमित चाचणी. ऐकताना माझी नुसती चडफड होत होती. यातलं एकूण एक काम ए विंगला आम्ही करत होतो, फक्त तसं तोंडाने कुणाला सांगितलं नव्हतं.

मग खजिनदार आमच्याकडे वळले. "मॅडम, राग मानू नका. पण तुमचा माणूस कधी दिसतच नाही हो. त्यांचा मुलगा बघा, रात्री बाराला फोन केला तरी धावत येतो."

बी विंगच्या एक काकू लगेच म्हणाल्या, "फार मेहनती आहे पोरगा. परवा चहा करून दिला मी त्याला."

पोरगा मेहनती होता यात शंकाच नाही. पण तो रात्री बाराला येत होता, कारण बी विंगची लिफ्ट रात्री बाराला अडकत होती. आमचा मेकॅनिक महिन्यातून एकदा सकाळी अकराच्या सुमाराला यायचा, तेव्हा खजिनदार ऑफिसात असायचे. दाराचे रोलर आणि लॉकचे काँटॅक्ट साफ करायचे, ब्रेक बघायचा, दोरांचा ताण तपासायचा, लिफ्टखालच्या खड्ड्यात, पिटमध्ये उतरायचं, वॉचमनच्या रजिस्टरात सही ठोकायची आणि निघायचं. लिफ्टच्या बऱ्याचशा तक्रारी दारापाशीच सुरू होतात. तिथे वेळच्या वेळी हात फिरवला की लिफ्ट गुमान चालते, आणि गुमान चालणाऱ्या लिफ्टचं कौतुक कोण करणार? मेंटेनन्सच्या धंद्यात काम बोलतबिलत नाही. बोलतो तो बिघाड, आणि त्याच्या मागे धावत येणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो.

मालक उठले, "आमचं काम तुम्हाला माहीतच आहे," म्हणाले आणि हात जोडून खाली बसले. माहीत नव्हतं, म्हणून तर ही वेळ आली होती. मी उठले आणि वॉचमनकडून दोन्ही विंगांची रजिस्टरं मागवली. टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवली. बी विंगच्या रजिस्टरात पान संपून दुसरं लागलं होतं, 'लिफ्ट बंद', 'आवाज', 'दार अडकले'. ए विंगचं पान बहुतेक कोरं, मधूनमधून आमच्या मेकॅनिकची सही. समोरच्या कंपनीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. अक्षर वॉचमनचं होतं, वाचणारी कमिटी होती.

लिफ्टचा धंदा मुळात असाच उभा राहिलाय. एलिशा ओटिसने दोर तुटला तरी पाळणा जागच्या जागी धरून ठेवणारी यंत्रणा बनवली, पण गिऱ्हाईक फिरकेना. 1854 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तो स्वतः पाळण्यावर उंच चढून उभा राहिला आणि भर गर्दीसमोर त्याने दोर तोडायला लावला. पाळणा जेमतेम काही इंच घसरला आणि अडकला. 1857 मध्ये तिथल्याच ब्रॉडवेवरच्या एका दुकानात त्याची माणसं नेणारी लिफ्ट लागली. आमच्या मालकांना हा किस्सा तोंडपाठ आहे, नव्या पोरांना ते कौतुकाने सांगतात. त्यातला ओटिस गर्दी जमवून मोठ्याने बोलत होता, हा भाग मात्र ते सोयीस्कर विसरतात.

मी सेक्रेटरींना विचारलं, "ए विंगची एक लिफ्ट पाच मिनिटं घेऊ का? मेन बंद करून दाखवते." मेकॅनिकला मुद्दाम सोबत आणलं होतं, तो मशीनरूमला गेला. खजिनदारांना म्हटलं, तुम्ही या माझ्याबरोबर. आत पाटी, 'आठ व्यक्ती, 544 किलो'. माणसं आम्ही दोघंच. पाचवा मजला ओलांडला आणि मेकॅनिकने मेन पाडला. पंखा थांबला, दिवा गेला, छोटा इमर्जन्सी दिवा लागला. खजिनदारांनी दांडी घट्ट धरली.

"आता?"

"आता काही नाही. थांबायचं."

काही सेकंदांनी वरून घुं असा आवाज आला आणि लिफ्ट मुंगीच्या पावलांनी वर सरकायला लागली. खाली का नाही, असं त्यांनीच विचारलं. म्हटलं, दोराच्या दुसऱ्या टोकाला मागे काउंटरवेट असतं, त्याचं वजन म्हणजे केबिनचं वजन अधिक पूर्ण भाराच्या निम्म्याच्या आसपास. आपण दोघंच, म्हणजे आपली बाजू हलकी. वर जायला बॅटरीला फारसे कष्ट नाहीत. सहाव्या मजल्यावर दार उघडलं. बाहेर सायकल घेऊन उभ्या असलेल्या मुलाने विचारलं, "काका, लाइट गेली?"

खाली आल्यावर खजिनदारच समोरच्या माणसाकडे वळले. "बी विंगला पण करून बघू या का?"

"सर, बॅटऱ्या बदलायच्यात. ऑर्डर टाकलीय."

मी गप्प बसले. या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत मान टाकतात आणि चाचणी घेतल्याशिवाय ते कळत नाही. हे सांगायचा मोह झाला होता, पण आवरला. आपल्याकडे तुलना करायला बंदी नाही, दुसऱ्याच्या मालाची नालस्ती केली की मात्र प्रकरण अंगाशी येतं. 2010 मध्ये रिनच्या जाहिरातीत टाइडचं पाकीट उघड दाखवून त्याला कमी लेखलं होतं. ते प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं आणि जाहिरात थांबवावी लागली. मला तसल्या भांडणात पडायचंच नव्हतं. मी माझं दाखवलं, तेच त्यांनी दाखवावं एवढंच खजिनदारांनी मागितलं.

ए विंगचं काँट्रॅक्ट आमच्याकडे राहिलं. बी विंगचा विषय त्यांचा करार संपेपर्यंत पुढे ढकलला. खजिनदारांनी जाता जाता रेटमध्ये घासाघीस केलीच.

आता मेकॅनिकच्या टी-शर्टवर पाठीमागे फर्मचं नाव आहे. महिन्याचं काम झालं की काय तपासलं, काय बदललं याचा कागद तो लिफ्टच्या आत लावतो. एआरडीची चाचणी आम्ही रविवारी, लोक घरी असताना घेतो. नव्या कोटेशनचं पहिलं पानही मीच लिहिलं. त्यात 'ठाण्यात आमच्याइतकं लवकर कोणी पोचत नाही' असं ठोकून दिलं होतं. मालकांनी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'आमचं सुट्या भागांचं गोदाम वागळे इस्टेटला, मेकॅनिक राहायला सावरकर नगरला. त्यांचा कुठे राहतो ते विचारा.'

मी ते तसंच टाइप केलं.