बियाणं बोगस नव्हतं

जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचा, पाथरीकडचा शेतकरी होता. एकाच वावरात अर्ध्यात बन्सी गहू (वाण गोदावरी, एनआयडीडब्ल्यू २९५) अन् अर्ध्यात सरबती त्र्यंबक, पेरणी एका दिवशी, पाणी एकच. बन्सीची पानं शेंड्याकडून करपलेली अन् सरबती बरा हिरवा. मामा म्हणाले, "मॅडम, बियाणं बोगस हाय, तुमी फकस्त रिपोर्ट द्या, तक्रार मी बगतो."

मातीचा नमुना त्यांनी आधीच आणलेला, वरची पांढरी खपली खरवडून. त्यात मीठ उगाच जास्त दिसतं. जवळपास सगळे हेच करतात, अन् मृद आरोग्य कार्ड वाटायच्या घाईत आमचे लोकही बांधावरूनच माती उचलतात, कोणाला काय सांगायचं. मी जाऊन दोन्हीकडून वीतभर खोल माती काढली, पेस्ट केली. काळ्या मातीची पेस्ट म्हणजे पेशन्सचं काम, पाणी पितच राहते, वरून चकाकली पण वर पाणी साचलं नाही अन् पात्यावरून अलगद घसरली की जमली, मग रात्रभर ठेवून अर्क काढायचा. ईसी, म्हणजे क्षारांचं माप, दोन्हीकडं सातच्या वर, चारच्या पुढं तर खारवटच. म्हणजे माती सारखीच.

म्हणून ओंबीखालची पानं घेतली, ग्लोव्हज घालून, कारण घामातही सोडियम असतो. फ्लेम फोटोमीटरवर बन्सीचं सोडियमचं रीडिंग सरबतीच्या कितीतरी पट.

सरबतीत गुणसूत्रांचे तीन संच, बन्सीत दोनच, डी संच नाही. त्या डी मध्ये एक जीन आहे, त्याचं प्रोटीन मुळात पाणी वर नेणाऱ्या नळ्यांच्या कडेला बसून सोडियम परत ओढून घेतं, पानापर्यंत जाऊच देत नाही. जमिनीतलं मीठ तेवढंच राहतं, पान तेवढं वाचतं.

मामांनी नीट ऐकलं अन् विचारलं, "मंग ते बन्सीत कामून नाय घातलं?" म्हटलं तसाच एक जीन घातलाय, ऑस्ट्रेलियात, एका जुन्या जातभाई गव्हातून साध्या संकरानं, २०१२ ला छापून आलं, खाऱ्या जमिनीत २५ टक्के जास्त उत्पन्न. "बी कुठं भेटंल?" इथं मी अडकले. कर्नालच्या क्षारपड जमीन संशोधन संस्थेचा, मीठ सोसणारा केआरएल २१० सांगितला, तर म्हणे तो सरबतीच ना, बन्सीचा भाव येगळा हाय. चर काढा, पाणी कमी द्या म्हटलं तर हसले, कालवा सुटला की सगळं शिवार तुडुंब, माझा एकट्याचा चर कुठं काढू. बरोबरच होतं. ऊस लावून लावून जमिनीखालचं पाणी अन् त्यासोबत मीठ वर आणलं सगळ्यांनी, अन् आता जीन शोधतोय आम्ही.

तक्रार त्यांनी दिलीच. सोबत माझा रिपोर्ट जोडला, त्यात बियाण्याचा दोष नाही असं स्पष्ट लिहिलेलं असूनही.