८९ सदरे

धुतलेला सदरा शिल्लक आहे की नाही हे पाहण्यासाठी कपाट उघडले की मला हल्ली हटकून याकोब डिटमाहलर आठवतो. पेनेलोपी फिट्झजेराल्ड या इंग्लिश लेखिकेच्या ‘द ब्लू फ्लॉवर’ या कादंबरीच्या सुरुवातीलाच, अठराव्या शतकाच्या अखेरच्या जर्मनीत, हा तरुण वायसेनफेल्स येथे आपल्या मित्राच्या घरी पोहोचतो. हा मित्र म्हणजे पुढे नोवालिस या नावाने प्रसिद्ध झालेला कवी, फ्रिट्झ फॉन हार्डेनबेर्ग. नेमके त्याच दिवशी तिथे धुणे निघालेले असते. वरच्या खिडक्यांतून चादरी, अभ्रे, बंड्या, चोळणे धडाधड अंगणात पडत असतात आणि खाली नोकरमाणसे ते भल्यामोठ्या टोपल्यांत झेलत असतात. याकोबची आई वर्षातून तीनदा धुणे काढत असे. म्हणून घरात चार महिने पुरतील एवढे कपडे होते, आणि त्याचे स्वतःचे सदरे ८९, त्याहून एकही अधिक नाही. इथला ढीग पाहून मात्र त्याच्या ध्यानात येते की या घरी धुणे वर्षातून एकदाच निघते. त्यावरून घर श्रीमंत ठरत नाही, पण घराणे जुने आहे एवढे नक्की कळते.

मळक्या कपड्यांच्या ढिगाऱ्यावरून एखाद्या कुटुंबाची सांपत्तिक स्थिती, वय आणि अभिमान असा वाचून दाखवायचा, तर लेखकाने आयुष्यात स्वतः बरेच धुणे धुतलेले असावे लागते, असे मला वाटते. फिट्झजेराल्ड यांचा जन्म १९१६ सालचा. वडील ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे संपादक, स्वतःचे शिक्षण ऑक्सफर्डला, युद्धकाळात बीबीसीत नोकरी. सारे कसे लेखिका होण्यासाठीच जुळवून ठेवल्यासारखे. प्रत्यक्षात वाट्याला आले ते कर्ज, नवऱ्याची वकिलीतून झालेली हकालपट्टी, तीन मुले आणि वर्षानुवर्षांची शिकवणी. टेम्स नदीत नांगरलेल्या ‘ग्रेस’ नावाच्या जुन्या गळक्या नावेत हे कुटुंब राहत होते आणि ती नाव १९६३ साली घरातल्या सामानसुमानासकट बुडाली. पहिले पुस्तक निघाले तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या. पहिली कादंबरी १९७७ साली आली, तीही आजारी नवऱ्याचे मन रमावे म्हणून लिहिलेली.

या उशिराचे कौतुक करण्याची आता पद्धतच पडली आहे, पण ते मला फारसे पटत नाही. मधल्या वर्षांत जे गेले ते गेलेच. मात्र त्या वर्षांनी त्यांच्या नजरेला एक सवय लावली. ‘ऑफशोअर’ या त्यांच्या कादंबरीत नावेवर राहणाऱ्या दोन लहान बहिणी ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून विल्यम डी मॉर्गन या एकोणिसाव्या शतकातल्या नामवंत कारागिराच्या जुन्या नक्षीदार फरशा शोधून काढतात आणि दुकानात नेऊन विकतात. मुले खेळत आहेत, पण त्यांना बाजारभाव ठाऊक आहे! गरिबीवर एकही उसासा न टाकता गरिबी इतकी लख्ख दाखवणारे लेखन मी फार वाचलेले नाही. याच छोटेखानी कादंबरीला १९७९ साली बुकर पारितोषिक मिळाले, आणि तेही नायपॉल स्पर्धेत असताना. पैशांचे काय करणार, तर एक इस्त्री आणि एक टंकलेखन यंत्र घेईन, असे बाईंनी सांगितले. लोकांना ती थट्टा वाटली असेल. मला तो हिशेब वाटतो.

कमी सांगण्याचा त्यांचा हा हिशेबीपणा अखेरपर्यंत टिकला. ‘द ब्लू फ्लॉवर’ १९९५ साली आली, तेव्हा त्यांचे वय ७८ होते. बारा वर्षांच्या सोफीला पाहून हार्डेनबेर्ग पाव तासात आयुष्याचा निर्णय घेतो, ही कल्पना दुसऱ्या एखाद्याने प्रेमाच्या तत्त्वचिंतनात बुडवली असती. इथे मात्र सोफी जेवते, हसते, आजारी पडते, तिच्यावर शस्त्रक्रिया होतात, आणि कवी बिचारा मिठागरांच्या कचेरीतली नोकरी शिकत राहतो. नोवालिसची एक ओळही न वाचता ही कादंबरी खुशाल हाती घ्यावी. फक्त धुण्याचे ते पहिले प्रकरण घाईने उरकू नये.