चिखलातला चैत्र

नवी मुंबईत ऐरोलीला बोटीतून उतरलेल्या कुणालाही विचारा, ठाणे खाडीत काय पाहिलंत? उत्तर ठरलेलं: फ्लेमिंगो. 'भरपूर होते' की 'फार लांब होते', एवढाच काय तो फरक. लोकांचं चुकत नाही म्हणा. या खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला तोच मुळी फ्लेमिंगोंच्या नावानं. २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेली. गुलाबी पाखरांची ती गर्दी, मागे तिवरांची हिरवी भिंत, त्याच्याही मागे टॉवर. कुणीही भुलेल. शहराच्या सांडपाण्यावर शेवाळ पोसतं आणि त्या शेवाळावर हे छोटे रोहित, म्हणजे फ्लेमिंगोच, ही गंमत मी सोबतच्या मंडळींना फोटो काढून झाल्यावरच सांगतो.

मला विचाराल तर खाडी पाहायची एप्रिलमध्ये, आणि नजर ठेवायची फ्लेमिंगोंच्या पायांशी.

तिथे चिखलावर लुटुलुटु पळणारी बारीक पाखरं असतात. टिलवे, चिखले, तुतवार. थंडीभर सगळी मळकट करडी. पायांचा रंग पाहा, चोचीचा बाक पाहा, पुस्तकातलं चित्र ताडून पाहा. तेवढ्यात वरून घार जाते, सगळा थवा उठतो आणि भलतीकडेच उतरतो. पुन्हा पहिल्यापासून. बरेच जण इथेच वैतागून दुर्बीण फ्लेमिंगोंकडे वळवतात.

पण मार्च सरत आला की यांच्यातल्याच कर्ल्यू सँडपायपरच्या पोटावर विटकरी डाग उमटू लागतात. गॉडविटच्या मानेवर तांबूस झाक चढते. एवढासा सँड प्लोव्हर छातीवर नारिंगी पट्टा मिरवायला लागतो. एकाच थव्यात काही पुरते रंगलेले, काही अर्धवट, काही अजून कोरेच. आणि आता कुठे नीट ओळखता येतात म्हणावं, तर निघून जातात! महिनोन्‌महिने आपल्याकडे घरच्या कपड्यांत राहायचं आणि नटूनथटून लग्नाला मात्र दुसऱ्याच गावी. कर्ल्यू सँडपायपरचं गाव तर थेट सायबेरियाच्या उत्तरेला.

हे बघायला पाण्याची वेळ साधावी लागते. पुरत्या सुकतीला बोट हलत नाही, पुरत्या भरतीला चिखल दिसत नाही. मधलं काही तरी धरायचं. मोबाइलवर कोष्टक मिळतंच, पण तिथीची पाऊणपट करायची जुनी रीत मला जास्त आवडते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा वाजता भरती. थोडं मागेपुढे होतं, कामापुरतं पुरतं.

पाऊस सुरू झाला की बहुतेक फ्लेमिंगो गेलेले असतात, बोटी बंद होतात आणि गाडी लावायला जागाच जागा. मग इथल्या रहिवाशांची लग्नसराई. एरवी चिखलात चिखल होऊन बसणारी ढोकरी पाठीवर गडद लालसर तपकिरी रंग चढवते. गायबगळ्याचं डोकं आणि मान नारिंगी होते. काठच्या झाडांवर सुगरण नर घरटी विणत असतात आणि माद्या येऊन नापसंत करून जातात. दुर्बिणीच्या काचा पुसता पुसता हात दुखतो, पण बघणारा आपण एकटाच.

आणि मग ऑगस्टमध्ये, पाऊस ऐन भरात असताना, चिखलावर ओळखीची धावपळ दिसते. रंग विटलेला, विटकरी आता ठिगळाठिगळांनीच उरलेला. एप्रिल-मेमध्ये गेलेले ऑगस्टमध्ये हजर! जाण्यायेण्याचा प्रवास वजा केला तर त्या उत्तरेत राहिले किती? पिल्लांपुरते. बाकी सगळा मुक्काम आपल्या चिखलात, तरी पाहुणे म्हणून नोंद आपल्याकडेच.

फ्लेमिंगोंना तेव्हा अजून अवकाश असतो, बोटीही सुरू झालेल्या नसतात. ओहोटी धरून काठावर उभं राहिलं तरी भागतं. छत्री मात्र लागते.