शिशाची गोळी काडतुसात किती आत बसवावी? माझा अनुभव

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या क्लबात स्वतःची काडतुसं स्वतः भरणारे पुष्कळ आहेत, पण शिसं वितळवून गोळ्याही घरीच ओतणारे मोजके. त्या मोजक्यांत मी कसा शिरलो, ते राहू दे. भारतातल्या मित्रांना हे सगळं चैनीचं वाटतं, कारण तिकडे परवान्यावरच काडतुसांचा आकडा ठरलेला असतो. इथे स्वतःपुरतं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो.

माझी रायफल 1903ए3 स्प्रिंगफील्ड, थर्टी-ओ-सिक्स या काडतुसाची. दुसऱ्या महायुद्धात काम लवकर उरकावं म्हणून या रायफलींच्या बऱ्याच नळ्यांत चारऐवजी दोनच खाचा पाडल्या गेल्या. माझी त्यातलीच. खाचांमधले उंचवटे, म्हणजे लँड, त्यामुळे चांगले रुंद आहेत. गोळी लायमनच्या 311284 साच्याची, वजन 210 ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) आसपास, बुडाला तांब्याची गॅस चेक, म्हणजे गरम वायूपासून शिसं वाचवणारी छोटी वाटी. तिचं लांब नाक लँडवर टेकून सरकतं आणि मागचा जाड भाग खाचांत रुततो.

तांब्याच्या आवरणाची गोळी लँडपासून 20 थाउ मागे ठेवून सुरुवात करायची, असा अनेकांचा रिवाज आहे. (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) आवरण कडक असतं, लँडपर्यंतची ती उडी त्याला सोसते. शिसं मऊ. आधाराशिवाय पुढे गेलेली गोळी जरा जरी तिरकी लँडवर आपटली, तर तशीच तिरकी कोरली जाते आणि पुढे नळीत सरळ होत नाही. म्हणून आधी लँड नेमके कुठे सुरू होतात ते शोधायला बसलो.

त्यासाठी ना बारूद लागतं ना प्रायमर (बारूद पेटवणारी टोपी). रिकाम्या केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) तोंडाला हलका फुलोरा दिला, म्हणजे तोंड जरासं फाकवलं, नाहीतर कडेने शिसं खरवडलं जातं. गोळी मुद्दाम लांब बसवली, मार्करने काळी केली, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) घालून बोल्ट हळूच बंद केला. बाहेर काढल्यावर काळ्या रंगावर ओरखडे दिसतात, पण ते दोन प्रकारचे असतात. नाकावरचे लांब, पुसट ओरखडे म्हणजे नाक लँडवर नुसतं घासलंय. खरी खूण असते पुढच्या जाड पट्ट्याच्या कडेवर, आखूड आणि चकचकीत. क्लबातल्या एका निवृत्त मशिनिस्टने भिंगातून हा फरक दाखवला, तेव्हा कुठे मला मापाचा भरवसा आला. गोळी थोडी थोडी आत ढकलत, ती खूण जेमतेम उमटेल तिथे थांबलो. ते माझं शून्य.

मग 50 थाउ मागे, 20 मागे, शून्यावर आणि 10 थाउ लँडमध्ये रुतवून, असे संच भरले. बारूद सगळ्यांत सारखंच, मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या हलक्या मापाचं. इथे हलगर्जी नको: गोळी आत गेली की केसमधली जागा कमी होऊन दाब चढतो, आणि लँडला भिडली तरी सुरुवातीचा दाब वाढतो. गॅस चेक मानेच्या खाली उतरत नाही ना, हेही पाहिलं. थर्टी-ओ-सिक्सची मान जेमतेम 0.385 इंच.

100 यार्डांवर, बाकावर टेकवून, पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप (कागदावरच्या भोकांचे पुंजके). 50 मागे ठेवलेल्या संचाने कागदावर मूठभर शेंगदाणे उधळावेत तशी भोकं पाडली, चार इंचांच्या वर. 20 वर थोडा फरक. शून्यावर ग्रुप दोन इंचांच्या आत आला, 10 थाउ रुतवल्यावर त्याहून किंचित लहान.

पण माझ्या मते हे सगळं श्रेय गोळी किती आत बसवली याचं नाही. नंतर 0.309 ऐवजी 0.310 इंच जाडीला साइझ केलेल्या गोळ्या वापरल्या, तर 20 मागेही ग्रुप बराच आवळला. जाड गोळी थ्रोटमध्ये (चेंबर आणि लँड यांच्यामधल्या भागात) भरून बसते, म्हणून तिला उडीतही आधार मिळतो. त्यामुळे नवख्याला मी आधी मायक्रोमीटर घ्यायला सांगतो, सीटिंग डायची (गोळी किती आत बसते ते ठरवणाऱ्या अवजाराची) चकती मागाहून फिरव म्हणतो.

रुतवलेल्या काडतुसाची एक कटकट आहे. मध्येच “सीझ फायर” (गोळीबार थांबवा) झालं आणि न झाडता बाहेर काढायला गेलं, तर गोळी नळीत अडकून राहते आणि बारूद ॲक्शनमध्ये (बोल्टच्या यंत्रणेत) सांडतं. म्हणून रेंजवर मी शून्याच्या 5 थाउ मागचीच नेतो, कागदावर फरक दिसत नाही. एवढी लांब काडतुसं मॅगझिनमध्ये मावत नाहीत, एकेक हातानेच भरावी लागतात.