टायर श्रेडरची पाती, गॅप आणि तार

जुने टायर फाडायचं यंत्र बघायला आलेला माणूस आधी विचारतो मोटर किती हॉर्सपॉवरची, आणि मग विचारतो तासाला किती टन. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांच्या आधी विचारायला हवं ते हे: पात्यांमधली गॅप किती, आणि ती टिकवायची कशी? टायरातलं रबर कापणं तितकंसं अवघड नाही. पाती खाते, शाफ्टला गुंडाळी घालते, चाळणी अडवते आणि वेळप्रसंगी आगही लावते ती टायरातली तार.

कारचा टायर साधारण ८ ते १० किलोचा, त्यात वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास पोलाद. ट्रकचा रेडियल टायर ५० ते ६० किलोचा आणि त्यात पोलाद जवळपास २५ टक्के. कारच्या टायरात नायलॉन-पॉलिएस्टरचा दोरा असतो, ट्रकच्या रेडियलमध्ये तो नसल्यातच जमा. तार दोन प्रकारची. रिमला घट्ट बसणाऱ्या कडेत बीडची तार, कारला सुमारे १ मिमी आणि ट्रकला दीड-दोन मिमी जाडीची, साध्या लोखंडाच्या चार-पाच पट ताण सहन करणारी. दुसरी ट्रेडखालच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या जाड थराखालच्या पट्ट्यातली, ०.२ ते ०.३५ मिमीच्या केसासारख्या तारा पिळून केलेली दोरी. या तारेवर पितळेचा मुलामा असतो. टायर भट्टीत शिजताना रबरातलं गंधक त्या मुलाम्यातल्या तांब्याशी जोडलं जातं आणि रबर तारेला कायमचं धरून बसतं. रबराच्या साखळ्याही गंधकानेच एकमेकींना बांधलेल्या, त्यामुळे टायर वितळवून तार वेगळी काढता येत नाही. यंत्राने करायचं असेल तर कापा, ओरबाडा, दळा. दुसरी वाट नाही.

म्हणून ट्रकच्या टायरांसाठी पहिलं यंत्र डिबीडर. हायड्रॉलिक सिलिंडरला जोडलेला जाड आकडा बीडमध्ये अडकवायचा आणि अख्खी कडी ओढून काढायची. काहीजण हा टप्पा वाचवतात, आणि तीच बचत पुढे पात्यांच्या रूपाने फेडावी लागते. दीड-दोन मिमीच्या कडक तारांचा जुडगा श्रेडरमध्ये गेला की पात्याच्या कडेला टवके उडतात. कारच्या टायरांना बीड न काढता श्रेडरमध्ये टाकलं तरी चालतं. डिबीडरची जाळी मात्र ओढ सुरू असताना उघडी राहता कामा नये, ताणाखाली तुटलेली तार चाबकासारखी येते.

पुढचा प्राथमिक श्रेडर म्हणजे दोन शाफ्टचा. वेग मिनिटाला १० ते ३० फेरे, पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, प्रचंड. दोन्ही शाफ्टवर पाती आणि स्पेसर (पात्यांमध्ये अंतर राखणाऱ्या कड्या) आलटून पालटून बसवलेले, आणि एका शाफ्टचं पातं दुसऱ्याच्या दोन पात्यांमधून जातं. काम कात्रीचंच. खिळा सैल झालेली कात्री आठवा: कापड कापत नाही, पात्यांमध्ये दुमडून घेते. नव्या सेटमध्ये समोरासमोरच्या पात्यांमध्ये ०.१ ते ०.३ मिमी गॅप असते. पट्ट्यातली केसतार किती जाडीची, ते वर आलंच आहे. गॅप त्या तारेहून मोठी झाली की तार कापली जात नाही, वाकते, पात्यांच्या मधल्या फटीत शिरते आणि स्पेसरवर गुंडाळत जाते. ही गुंडाळी आतून पात्यांना बाजूला रेटते, गॅप आणखी वाढते. एकदा हे चक्र सुरू झालं की तुकड्यांना लांब तारांच्या शेपट्या दिसायला लागतात. कन्व्हेयरवर अशा शेपट्या दिसणं हाच पहिला इशारा समजा.

गॅप मोजायची पद्धत साधी आहे, फक्त ती खरोखर पाळली पाहिजे. मेन आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्याला कुलूप, आणि चावी आत हात घालणाऱ्याच्याच खिशात. हायड्रॉलिक दाब शून्यावर आणा, शाफ्टला ठोकळा लावा. पात्यांमधला गाळ आणि तार पूर्ण काढा, नाहीतर मोजमाप खोटं येतं. मग शाफ्ट एका बाजूला दाबून धरून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापाने) प्रत्येक जोडीची गॅप घेराच्या निदान तीन जागी घ्या. त्यानंतर शाफ्ट दुसरीकडे ढकलून डायल गेजवर (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापावर) लांबीच्या दिशेची हालचाल बघा. बेअरिंगमध्ये तिथे ०.३ मिमी खेळ असेल तर पाती कितीही सुरेख घासलेली असोत, उपयोग नाही.

पाती घासायला पाठवताना सर्वांत जास्त चूक होते ती इथे. पात्याची बाजू ०.५ मिमी घासली तर स्पेसरही तेवढेच घासायला हवेत, आणि सगळेच्या सगळे. शाफ्टवर १२ पाती आणि १२ स्पेसर असतील आणि प्रत्येकात फक्त ०.०२ मिमीचा फरक एकाच दिशेने राहिला, तर शेवटच्या पात्यापर्यंत तो जवळपास अर्धा मिमी होतो. मग शाफ्टच्या एका टोकाला पाती घासतात आणि दुसऱ्या टोकाला मोकळी राहतात. प्रत्येक तुकडा मायक्रोमीटरने मोजून त्यावर आकडा लिहावा आणि कमी-जास्त तुकडे जुळवून बसवावेत. टोकाचा नट पहिल्या काही तासांनंतर पुन्हा आवळावा लागतो, कारण नवा रचलेला संच दाबाखाली थोडा बसतो. तापमानाचाही हिशेब आहे. १ मीटर लांबीचा पोलादी शाफ्ट ३० अंशांनी तापला की सुमारे ०.३५ मिमी वाढतो. दोन्ही शाफ्ट सारखे तापले तर फारसं बिघडत नाही. एका बाजूचं बेअरिंग जास्त तापत असेल तर मात्र सकाळी बरोबर वाटलेली गॅप दुपारी नाहीशी होते.

पात्याचं पोलाद बहुतेक डी-२ जातीचं, कडकपणा रॉकवेल मापावर ५६ ते ५८ एचआरसीच्या घरात. त्याहून कडक पात्याची धार जास्त टिकते, पण टायरात राहून गेलेल्या रिमच्या तुकड्याने किंवा दगडाने त्याचा मोठा टवका जातो. टायर आत टाकण्याआधी झटकणं, आत हात फिरवून बघणं, चिखल धुणं ही कामं कंटाळवाणी खरी, पण वाळू पात्याला सँडपेपरसारखी घासते. प्राथमिक श्रेडरवर पाण्याचा बारीक फवारा चांगला: पाती थंड राहतात, धूळ बसते, रबर कमी चिकटतं. पाणी वाहून जाण्याइतकं सोडू नका, पुढे बारीक चाळण्यांवर ओला गाळ बसतो.

ऑटो-रिव्हर्सची नोंद ठेवावी. मोटरचा करंट ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की शाफ्ट काही सेकंद उलटा फिरतो आणि पुन्हा पुढे जातो. तासाला किती वेळा उलटा फिरला हा आकडा रोज लिहिला तर धार किती उरली आहे ते उघडून न बघताही कळतं. टायर तेच आणि आकडा दुप्पट, तर पाती काढायची वेळ झाली. मर्यादाच वाढवून ठेवणं हा सोपा उपाय वाटतो, पण मग धक्का गिअरबॉक्सच्या दात्यांवर जातो.

तुकड्याचा आकार आधी ठरवा. ५० मिमी जाडीच्या पात्यातून तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्या पडतात, पण लांबी कशीही येते. म्हणून खाली ट्रॉमेल (फिरती गोल चाळणी) किंवा डिस्कची चाळणी लागते आणि मोठे तुकडे परत वर जातात. १५० मिमीचे तुकडे देणाऱ्या यंत्राकडून ५० मिमीचे मागितले तर उत्पादन निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. कोटेशनमधला टनाचा आकडा कोणत्या तुकड्यासाठी आहे हे लेखी घ्या.

दुसऱ्या टप्प्यात रास्पर. एकच रोटर, मिनिटाला शे-दीडशे फेरे, खाली १५ ते २५ मिमी भोकांची जाळी. कापण्यापेक्षा ओरबाडणं हेच त्याचं काम, आणि तार खऱ्या अर्थाने सुटते ती इथे. रास्परमधून पडलेला माल मूठभर घेऊन बघा: रबराचे खडबडीत दाणे, त्यात कुरळ्या तारा, आणि काही तारांच्या टोकाला अजून रबराचा मणी. हे मणी जास्त दिसले तर रास्परची धार गेली आहे किंवा जाळी मोठी आहे.

चुंबक यानंतर. इथे चुंबकाच्या ताकदीपेक्षा मालाचा थर महत्त्वाचा. कन्व्हेयरवर चार बोटं थर असेल तर तळाची तार रबराखाली दबून राहते, आणि वर उचलली गेलेली तार सोबत रबर घेऊन जाते. व्हायब्रेटरी फीडरने थर एक-दोन दाण्यांइतका पातळ करा, मग साधा चुंबकही भरपूर काम करतो. रास्परनंतर स्क्रू कन्व्हेयर लावणं मला मुळीच पटत नाही. तार स्क्रूभोवती पक्ष्याच्या घरट्यासारखी वेटोळी घालते आणि ती कापून काढण्यात अख्खी शिफ्ट जाते. पट्ट्याचा कन्व्हेयर घ्या, चूट (माल खाली सोडणारी घसरण) उभी ठेवा, आणि चुटीच्या आत वेल्डिंगची कड किंवा बोल्टचं डोकं बाहेर येऊ देऊ नका. घरटं तिथूनच सुरू होतं.

दोऱ्याचा कापूस हवेने आणि चाळण्यांनी निघतो. तो हलका असला तरी झटकन पेट घेणारा असतो, त्यामुळे डस्ट कलेक्टरला अर्थिंग, ठिणगी ओळखणारी यंत्रणा आणि स्फोटाचा दाब बाहेर सोडणारं झाकण हवंच.

बारीक क्रंबसाठी, म्हणजे रबराच्या बारीक दाण्यासाठी, ग्रॅन्युलेटर किंवा क्रॅकर मिल. क्रॅकर मिलचे खाचा असलेले दोन रोल वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि दाणा मधे फाटतो. रोलमधून पाणी फिरलंच पाहिजे. रबर तापून चिकट झालं की चाळणी लिंपली जाते, वीज जास्त लागते आणि दाणा बारीक होतच नाही. मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचातली भोकं: ३० मेश म्हणजे सुमारे ०.६ मिमी, ४० मेश म्हणजे ०.४ मिमीच्या थोडं वर. त्याहून खूप बारीक हवं असेल तर द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. त्यात रबर काचेसारखं ठिसूळ होतं आणि हॅमर मिलमध्ये फुटतं. या दाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. साध्या तापमानाला फाडलेला दाणा खडबडीत असतो आणि त्याचा पृष्ठभागही जास्त.

साठवणीत निष्काळजीपणा नको. तुकड्यांतून डोकावणारी तार गंजताना उष्णता सोडते, आणि ढीग उंच असेल तर ती आतच कोंडते. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात टायरच्या तुकड्यांनी भरलेले रस्त्याचे जाड भराव असेच आतून तापून जळाले. त्यानंतर भरावासाठी ३ मीटर जाडीची मर्यादा रूढ झाली. ढिगाऱ्यालाही तीच लावा. गरम माल लगेच रचू नका, आणि यंत्र बंद केल्यावर तासाभराने तारेच्या डब्यात आणि कलेक्टरखाली पुन्हा एकदा बघून या.

तयार क्रंब तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. १ किलो नमुना पांढऱ्या कागदावर पातळ पसरा, हातातला चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून सावकाश चार-पाच वेळा फिरवा, मग चुंबक पिशवीतून बाहेर ओढा. तार पिशवीवरून आपोआप गळून पडते. ती काट्यावर तोला. १ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे ०.१ टक्क्याच्या आत, चांगल्या मालाला हेच प्रमाण लागतं. दुसरा हिशेब दिवसाच्या शेवटी करायचा. १००० किलो ट्रकचे टायर आत गेले तर डिबीडरची आणि चुंबकाची मिळून २५० किलोच्या आसपास तार निघायला हवी. तारेला चिकटलेलं रबर वजा करून १८० किलोच भरली, तर उरलेली ७० किलो क्रंबमध्ये, चाळणीवर परत येणाऱ्या मालात किंवा यंत्राच्या पोटात आहे. शोधायला सुरुवात चुंबकाखालच्या थरापासून करा, आणि तिथे सगळं ठीक असेल तर फिलर गेज काढा.